फळ्यावरची मधली रेघ

सेल बायोलॉजी शिकवायला घेतली की पहिल्याच आठवड्यात फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली जाते. डावीकडे स्ट्रक्चर, उजवीकडे सिग्नलिंग. डावीकडे ॲक्टिन, मायोसिन, स्पेक्ट्रिन अशी पेशीला आकार देणारी मंडळी आणि उजवीकडे रिसेप्टर, कायनेज (म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट लावणारं एन्झाईम), रास वगैरे निरोप पोचवणारी. सिलॅबसमध्येही दोन वेगळी युनिटं आहेत, पेपरलाही प्रश्न तसेच वेगवेगळे येतात, त्यामुळे पोरांना सोयीचं आणि खरं सांगायचं तर मलाही. नाशिकच्या गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमधून धापा टाकत आठच्या लेक्चरला पोचलेल्या वर्गाला सकाळी सकाळी काहीतरी सरळसोट दिसावं, एवढीच आपली इच्छा असते.

यंदा निफाडवरून अप-डाऊन करणाऱ्या एका मुलीनं प्रॅक्टिकलच्या तासाला मोबाईल माझ्यापुढे धरला. इंटरप्रो म्हणून एक साईट आहे, फुकट आहे, तिथं प्रोटीनचा सीक्वेन्स टाकला की त्यात कुठून कुठपर्यंत कुठला डोमेन आहे ते रंगीत पट्ट्यांत दिसतं. मी सगळ्यांना एकेक प्रोटीन वाटून दिलं होतं, हिच्या वाट्याला अल्फा स्पेक्ट्रिन आलं होतं. म्हणाली, "मॅडम, हे तर डावीकडचं ना? मग ह्यात एसएच३ कसं काय? ते तर सार्कचं, म्हणजे उजवीकडचं."

प्रश्न नेमका होता. आणि एकदा हा धागा हातात धरला की रेघ पुसावीच लागते, मध्ये कुठं थांबता येत नाही.

आधी डोमेन म्हणजे काय ते थोडक्यात. प्रोटीन ही अमिनो ॲसिडची लांब साखळी असते हे शाळेपासून माहीत असतं, पण ती अख्खी साखळी एकाच गोळ्यात गुंडाळली जाते असं नाही, मोठ्या प्रोटीनमध्ये असे काही पट्टे असतात की जे आपापले स्वतंत्र घडी होतात, शेजारी कोण आहे याची त्यांना गरज नसते. एसएच३ हा तसाच एक पट्टा, साधारण ६० अमिनो ॲसिडचा. तो मूळ प्रोटीनमधून कापून नुसता ई. कोलाय बॅक्टेरियात बनवून घेतला तरी तीच घडी होते आणि तेच काम करतो. काम तरी काय, तर वरच्या बाजूला एक उथळ खाच आहे, त्या खाचेत प्रोलीन हे अमिनो ॲसिड जास्त असलेला दुसऱ्या कुणाचा तरी तुकडा येऊन बसतो. बस. एसएच३ काही कापत नाही, जोडत नाही, फॉस्फेट लावत नाही. धरून ठेवतो.

आता ह्याचं नाव एसएच३ का, तर सार्क होमॉलॉजी ३, म्हणजे सार्क नावाच्या कायनेजशी साम्य असलेला तिसरा भाग. आणि सार्कची गोष्ट सुरू होते १९११ साली न्यूयॉर्कमध्ये, पेटन राऊस नावाच्या माणसानं एका कोंबडीची कॅन्सरची गाठ वाटून, बारीक फिल्टरमधून गाळून तो द्रव दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही गाठ झाली. गाळून निघालेल्या द्रवात पेशी नव्हत्या, म्हणजे त्यात व्हायरस होता. त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, आमच्याकडे पेन्शनची फाईल सरकायला लागते तेवढ्यापेक्षाही जास्त वेळ. पुढे बिशप आणि व्हार्मस यांनी दाखवलं की व्हायरसमधला तो सार्क जीन मुळात कोंबडीचाच, व्हायरसनं उचललेला, त्याचं नोबेल १९८९ चं. १९८६ मध्ये टोनी पॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की सार्कमध्ये कायनेजच्या बाहेर एक पट्टा आहे जो दुसऱ्या प्रोटीनमध्येही सापडतो, तो एसएच२, आणि मग त्याच्या शेजारचा एसएच३.

आणि गंमत पुढे आहे. १९९२ मध्ये एसएच३चा आकार पहिल्यांदा अणूअणूपर्यंत दिसला तो सार्कमधल्या एसएच३चा नव्हता, कोंबडीच्या मेंदूतल्या स्पेक्ट्रिनमधल्या एसएच३चा होता. सार्कवाला त्याच वर्षी त्याच्या पाठोपाठ आला. म्हणजे नाव उजवीकडचं, पहिलं चित्र डावीकडचं, आणि कोंबडी दोन्हीकडे.

घरी रात्री जेवताना हे सगळं सांगत होते (आमच्याकडे असंच चालतं, कुणाची सुटका नाही), तर दादा, जो अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, भाकरी मोडता मोडता म्हणाला, "त्यात काय एवढं, ६२०२." ६२०२ हा बॉल बेअरिंगचा नंबर. आत १५ मिलिमीटरचं भोक, बाहेरून ३५, जाडी ११. छताच्या पंख्यात तेच निघतं, छोट्या मोटरमध्ये तेच, सातपूरच्या दुकानात जाऊन नुसता नंबर सांगायचा, कशात बसवणार ते कुणी विचारत नाही. दादाचं म्हणणं, बेअरिंगला काय करायचंय वारा घालायचाय का पाणी उपसायचंय, त्याचं काम दांडा धरून फिरू द्यायचं.

मला हे पटलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वापरलंही, पण जिथं ते तुटतं तिथं खरी मजा आहे. ६२०२ कुठल्याही कंपनीचं घ्या, मापात बसतं. एसएच३ माणसात तीनशेच्या आसपास आहेत आणि त्यातले दोन तंतोतंत सारखे नाहीत, घडी तीच पण खाचेतली अमिनो ॲसिडं बदललेली, म्हणून प्रत्येकाला रुचणारा प्रोलीनचा तुकडा वेगळा. स्पेक्ट्रिनचा काढून सार्कमध्ये घातला तर घडी होईल, पण तिथली नाती जुळतीलच असं नाही. दुसरं म्हणजे हे कुणी कॅटलॉग बघून बसवलेलं नाही. जीनची चुकून दुसरी प्रत निघते, तुकडे इकडचे तिकडे जाऊन चिकटतात, बहुतेक वेळा त्याचं वाटोळंच होतं, क्वचित एखादं टिकतं. १९७८ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी लिहिलं होतं की जीन असे मधे मधे तुटक का असतात, तर त्यातले एक्सॉन, म्हणजे प्रोटीनसाठी वाचले जाणारे तुकडे, उचलून नवी जुळणी करणं त्यामुळे सोपं जातं. सगळेच डोमेन एक्सॉनच्या मापात बसतात असं नाही, पण कल्पना टिकली.

आणि एसएच३चं मूळचं घर कुठलं म्हणाल तर यीस्टकडे बघा. म्हणजे आपल्या पावातलं यीस्ट. सार्कसारखी खास टायरोसीन या अमिनो ॲसिडवर फॉस्फेट लावणारी कायनेजं त्याच्याकडे नाहीतच, पण एसएच३ आहेत, पंचवीस-तीस, आणि त्यातले बरेचसे कुठं कामाला आहेत तर ॲक्टिनच्या आसपास, पेशीचा पडदा आत ओढून घेण्याच्या जागी. सार्कचं नाव लावून फिरणारा हा डोमेन सार्क नसलेल्या जिवात सांगाड्याची कामं करत बसलाय. संशोधकांना जो आधी सापडला त्याचं नाव लागलं, एवढंच. पेशीत कोण आधी आलं त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

बरं, मग सार्कमध्ये तरी एसएच३ निरोप पोचवण्याचंच काम करतो का? १९९७ मध्ये अख्ख्या सार्कची रचना दिसली तेव्हा कळलं की तिथं एसएच२ आणि एसएच३ हे स्वतःच्याच प्रोटीनला पाठीमागून आवळून धरतात. सार्कच्या शेपटीला एक टायरोसीन आहे, ५२७ नंबरचा, त्याच्यावर फॉस्फेट लागला की एसएच२ ती शेपटी पकडतो, एसएच३ मधला दुवा पकडतो, आणि कायनेज आवळलं जाऊन बंद पडतं. राऊस यांच्या व्हायरसमधल्या सार्कला ती शेपटीच नाही. पकडायला काही नाही, म्हणून बंद होत नाही, म्हणून गाठ. आता सांगा, हे स्ट्रक्चर का सिग्नलिंग? सिग्नल चालू-बंद होतोय तो निव्वळ कुणी कुणाला धरलंय यावर.

ह्याच्या दुसऱ्या टोकाला ग्रब-२. पूर्ण प्रोटीन २१७ अमिनो ॲसिडचं, एक एसएच३, एक एसएच२, परत एक एसएच३, झालं, ह्यापलीकडे फारसं काही नाही. एन्झाईम नाही. बाहेरून वाढीचा निरोप आला की एसएच२नं रिसेप्टर धरायचा, एसएच३नी सॉस नावाचं प्रोटीन धरायचं, आणि सॉस जवळ आलं की रास चालू. नुसतं दोघांना शेजारी उभं करणं. लग्न जमवणाऱ्या काकूंचा उल्लेख वर्गात कुणीतरी केलाच, तो मी इथं पुढे नेत नाही.

आतापर्यंत एकच डोमेन वेगवेगळ्या प्रोटीनमध्ये, असं चाललं होतं. बीटा-कॅटेनिननं तर कहर केलाय, एकच प्रोटीन दोन्हीकडे नोकरीला. दोन पेशी एकमेकींना चिकटतात तिथं कॅडहेरिन असतं, त्याचं आतलं टोक बीटा-कॅटेनिन धरून ठेवतं, शुद्ध सांगाड्याचं काम. आणि वुन्ट नावाच्या प्रोटीनचा बाहेरून सिग्नल आला की हेच बीटा-कॅटेनिन साठत जातं, न्यूक्लियसमध्ये जातं, टीसीएफ नावाच्या प्रोटीनला चिकटतं आणि जीन चालू करतं. त्याच्या पोटात आर्माडिलो रिपीट नावाचे साधारण ४२ अमिनो ॲसिडचे तुकडे एकापुढे एक १२ वेळा लागलेत, त्यांची मिळून एक लांब खाच होते, आणि कॅडहेरिनही त्याच खाचेत बसतं, टीसीएफही त्याच खाचेत. म्हणजे एका वेळी एकच. आर्माडिलो हे मूळ नाव फळमाशीतल्या जीनचं, भ्रूणात पट्ट्यापट्ट्यांची गडबड झाली म्हणून ठेवलेलं, आणि १९९१ मध्ये बेडकाच्या बीटा-कॅटेनिनचा सीक्वेन्स लागला तर तो माशीच्या आर्माडिलोशी जुळला. एक चिकटपणावाल्यांचं प्रोटीन, एक निरोपवाल्यांचं, दोघं आपापल्या कॉन्फरन्सला जाणारे, आणि निघालं एकच. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एपीसी जीन बिघडला की बीटा-कॅटेनिन नष्ट करणारी यंत्रणा थांबते, ते साठतं, आणि पुढचं सगळं रामायण.

अँकिरिन रिपीटचंही तेच, पण त्यात फार शिरत नाही. ३३ अमिनो ॲसिडचा तुकडा, १९८७ मध्ये यीस्टमधली पेशीविभाजनाची प्रोटीनं आणि माशीतलं नॉच हे निरोपवालं प्रोटीन यांत आधी दिसला, नंतर लाल पेशीतल्या अँकिरिनमध्ये एका रांगेत २४ सापडले आणि नाव अँकिरिनचं लागलं. इथं उलटं, डावीकडच्यानं नाव मारलं.

हे सगळं वर्गातलं. पण मला ह्या विषयाबद्दल लिहावंसं वाटलं ते एका रिपोर्टमुळे.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक वहिनी आहेत, त्यांचा मुलगा सहा वर्षांचा. जिना चढताना कठडा धरून चढतो, पोटऱ्या चांगल्या भरलेल्या दिसतात म्हणून आजी कौतुक करायची, आणि खाली बसला की उठताना आधी हात जमिनीवर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर टेकत टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो. रक्तात एसजीपीटी हे लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाईम वाढलेलं म्हणून कितीतरी महिने लिव्हरची औषधं चालू होती, मग एका डॉक्टरांनी त्याला नुसतं जमिनीवरून उठायला सांगितलं आणि सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी करायला पाठवलं. स्नायू फुटत असले की एसजीपीटी स्नायूतूनही रक्तात येतं, हे कुणाच्या तरी आधीच लक्षात यायला हवं होतं, पण असो. जीनचा रिपोर्ट आला: डिस्ट्रॉफिन (स्नायूतलं एक प्रोटीन), एक्सॉन ४८ ते ५० डिलीशन, म्हणजे तेवढे गायब. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू झिजत जाण्याचा आजार. वहिनी रिपोर्ट घेऊन आल्या, म्हणाल्या, "उपचाराचं डॉक्टर बघतील, तुम्ही नुसतं काय लिहिलंय ते सांगा."

मी पेन्सिल घेतली आणि पाकिटाच्या मागे हिशोब मांडला, वर्गात घेते तसाच. एक्सॉन ४८ मध्ये १८६ अक्षरं, ४९ मध्ये १०२, ५० मध्ये १०९. बेरीज ३९७. जीन तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, ३९७ ला तीननं भागलं की एक उरतो. त्या एका उरलेल्या अक्षरामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं, थोड्याच अंतरावर थांबण्याची खूण येते आणि प्रोटीन अर्ध्यात तुटतं. आता त्यात ५१ वाला एक्सॉन पण गेला असता, २३३ अक्षरांचा, तर बेरीज ६३०, तीननं भाग जातो. जास्त तुकडा गेला असता तर आजार सौम्य झाला असता. वहिनींनी बेरीज स्वतः परत करून बघितली, बँकेत आहेत त्या, आणि म्हणाल्या, "हे कसलं गणित." १९८८ मध्ये हा नियम मांडला गेला आणि बहुतेक रुग्णांना लागू पडतो. ५१ वा मुद्दाम वगळायला लावणारं औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं, फायदा किती यावर अजून वाद आहेत, किंमत तर विचारूच नका.

जास्त गेलं तरी चालतं हे शक्य होतं ते डोमेनमुळेच. डिस्ट्रॉफिन हे ३६८५ अमिनो ॲसिडचं अवाढव्य प्रोटीन. सुरुवातीला दोन सीएच डोमेन, ते ॲक्टिन धरतात, अल्फा ॲक्टिनिन आणि बीटा स्पेक्ट्रिनमध्ये असतात तसेच. एकेकटा सीएच डोमेन व्हॅवसारख्या सिग्नलिंगच्या प्रोटीनमध्येही आहे, हे वेगळं सांगायला नको. मग मधे स्पेक्ट्रिनसारखे २४ रिपीट, लांब दांडा. शेवटाकडे पडद्यातल्या बीटा-डिस्ट्रोग्लायकॅनला धरणारा भाग. दोन्ही टोकं शाबूत असली की मधला दांडा थोडा आखूड असला तरी स्नायू तग धरतो. १९९० मध्ये एका माणसाची नोंद आली, त्याच्या डिस्ट्रॉफिनचा ४६ टक्के भागच नव्हता, आणि तो साठी ओलांडून चालत-फिरत होता.

म्हणून दांडा हा नुसता अंतर राखायला आहे असं खूप वर्षं मानलं गेलं. शॉक ॲब्सॉर्बर, असं पुस्तकात लिहिलेलं असायचं, मीही तेच शिकलेय.

पण १९९४ मध्ये पीअर बोर्क आणि मारियस सुडोल यांनी डिस्ट्रॉफिनच्या शेवटाकडे एक छोटा डोमेन दाखवला, जेमतेम ३५-४० अमिनो ॲसिडचा, त्यात दोन ट्रिप्टोफॅन म्हणून नाव डब्ल्यूडब्ल्यू, आणि तोच डोमेन यॅप नावाच्या प्रोटीनमध्ये. यॅप म्हणजे अवयव किती वाढावा ह्या निरोपसाखळीतलं प्रोटीन, शंभर टक्के उजवीकडचं. डब्ल्यूडब्ल्यूही एसएच३सारखाच प्रोलीनवाले तुकडे धरतो. यॅपमध्ये तो यॅपवरच फॉस्फेट लावणाऱ्या कायनेजला धरतो, डिस्ट्रॉफिनमध्ये बीटा-डिस्ट्रोग्लायकॅनला. आणि २००९ मध्ये कळलं की त्या बिनकामाच्या म्हणवल्या गेलेल्या दांड्यातले १६ आणि १७ नंबरचे रिपीट एनएनओएस नावाच्या एन्झाईमला धरून ठेवतात. ते नायट्रिक ऑक्साईड तयार करतं, आणि स्नायू काम करत असताना रक्तवाहिन्या आवळल्या जाऊ नयेत हे नायट्रिक ऑक्साईड बघतं. डिस्ट्रॉफिन नसलं की एनएनओएस पडद्यापासून सुटतं, पोरगा जिना चढतो तेव्हा त्या स्नायूला पाहिजे तेवढं रक्तच मिळत नाही. पडदा फाटतो ते वेगळंच, त्यावर हे.

जीन थेरपीत ही अडचण रोकडी होते. जीन पोचवायला वापरतात त्या छोट्या व्हायरसमध्ये जागा साधारण ४७०० अक्षरांची, डिस्ट्रॉफिनची संहिता ११,००० ची. दोन टोकं ठेवावीच लागतात, मग २४ रिपीटमधले चार-पाच निवडायचे. कुठले? २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या मायक्रोडिस्ट्रॉफिनमध्ये, म्हणजे अशा आखूड केलेल्या डिस्ट्रॉफिनमध्ये, १६ आणि १७ नाहीत, आणि त्या उपचारानंतर पुढे यकृत निकामी होऊन काही मृत्यू झाल्यानं त्याच्यावर बंधनंही आली. दुसऱ्या एका कंपनीनं जागेची ओढाताण करून १६-१७ बसवलेत, त्याच्या चाचण्या लहान मुलांमध्ये चालू आहेत.

वहिनींना मी हे दोन्ही सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. मला वाटतं १६-१७ ठेवायला हवेत, चार रिपीटचीच जागा असेल तर त्यातले दोन तेच असावेत. पण माझं वाटणं आणि पाच वर्षांनी चाचणीतल्या त्या मुलांच्या जिना चढण्याचे सेकंद, यातला खरा पुरावा म्हणजे ते सेकंद, आणि तो अजून यायचाय. तोवर पोराला स्टिरॉईड चालू आहे, आठवड्यातून तीनदा फिजिओ, आणि वहिनींनी लिफ्टसाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय लावलाय.